काळ्या पाण्यापलीकडची भेट

पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, मुळशीचे खोरे आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने वीज निर्माण करण्यासाठी धरण बांधावयास घेतले. आपली भातखाचरे पाण्याखाली जाणार हे उमगताच तेथील मावळ्यांनी १९२१ सालच्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजी, सत्याग्रह आरंभिला. या लढ्याने पारनेरच्या पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव दिले, आणि पुढे आयुष्यभर ते त्याच नावाने ओळखले गेले. मुळशीचे सेनापती महाराष्ट्राच्या चांगले परिचयाचे आहेत. परंतु मुळशीस येण्यापूर्वी ते ज्या कामात गुंतले होते, त्याची आठवण फारशी कोणास राहिलेली नाही. डॉक्टर नारायण दामोदर सावरकर यांच्याबरोबर त्यांनी अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी चळवळ चालविली होती. राजबंदी मुक्ती मंडळाच्या वतीने ते घरोघर जात, लोकांना त्या बंद्यांची हकीकत सांगत आणि अर्जावर सह्या मागत. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे ४ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्याआधी तीनच दिवस लोकमान्य टिळक गेले होते. ज्याचे घर असे रिकामे झाले, तो इतरांच्या घरी गेलेले माणूस परत यावे म्हणून त्या दिवसांत दारोदार हिंडत होता.

त्या अर्जांच्या मागे जी घरे होती, त्यांतील एका घराची ही हकीकत आहे. नवरा समुद्रापलीकडे, बायको अलीकडे, आणि मध्ये सरकारचा परवाना, अशी ती थोडक्यात सांगता येईल. परंतु परवाना म्हणजे नुसता कागद नसतो. तो कोणास मिळतो, कोणास मिळत नाही आणि किती वर्षांनी मिळतो, यावरून राज्यकर्ते विवाहाच्या नात्याला काय मोल देतात हे कळून येते.

प्रथम अंदमानचा कायदा पाहिला पाहिजे. सत्तावनच्या उठावानंतर लगेच, १८५८ च्या मार्चमध्ये, इंग्रज सरकारने पोर्ट ब्लेअर येथे कैद्यांची वसाहत स्थापन केली. कलकत्त्याहून हे ठिकाण सुमारे साडेबाराशे किलोमीटरवर, बंगालच्या उपसागरात आहे. प्रारंभी या वसाहतीचा हेतू नुसता कैद्यांना डांबून ठेवण्याचा नव्हता. बेटावर जंगल तोडावे, शेती व्हावी, वस्ती वाढावी अशी सरकारची इच्छा होती. त्यामुळे जन्मठेपेच्या कैद्याने काही काळ तुरुंगात आणि नंतर टोळ्यांत कष्टाचे काम करावे, आणि सुमारे दहा वर्षे नीट वर्तणूक ठेवल्यास त्याला स्वतःच्या कमाईवर राहण्याचे 'तिकीट' मिळावे, असा क्रम ठरला. तिकीट मिळालेला कैदी जमीन कसू शके, गुरे बाळगू शके, घर बांधू शके. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तो आपल्या बायकामुलांना हिंदुस्थानातून बोलावून घेऊ शके. ज्यांना घरून कोणी येण्याजोगे नसे, त्यांना वसाहतीतील स्त्री-कैद्यांशी सरकारच्या संमतीने विवाह करता येई. अशा कुटुंबांतूनच पुढे बेटावर जन्मलेल्यांचा एक निराळा समाज उभा राहिला.

तेव्हा काळ्या पाण्याची शिक्षा ही सर्वांनाच कुटुंबापासून कायमची ताटातूट करणारी होती असे नाही. खून किंवा दरोडा केलेल्या माणसालाही कालांतराने का होईना, आपल्या चुलीपाशी बसण्याची वाट कायद्याने मोकळी ठेविली होती. राजकीय बंद्यांच्या वाट्याला मात्र हा क्रम सहसा आला नाही. त्यांना १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या सेल्युलर तुरुंगाच्या एकेकट्या कोठड्यांत वर्षानुवर्षे ठेवण्यात आले. हे लोक बाहेर वस्तीत मिसळले तर तेथेही असंतोष पसरवतील, अशी अधिकाऱ्यांची भीती होती. वर्षाकाठी एक पत्र लिहावयाचे आणि एक पत्र यावयाचे, एवढाच घराशी संबंध. तोही अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाणारा, आणि तुरुंगाचा एखादा नियम मोडल्यास तोही तुटणारा.

नाशिकचे गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना ९ जून १९०९ च्या सुमारास नाशिकच्या न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा दिली. राजद्रोही ठरविलेल्या काही कवितांचे प्रकाशन हा त्यांच्यावरील आरोपाचा गाभा होता. पुढच्याच वर्षी त्यांची रवानगी अंदमानास झाली. धाकटे बंधू विनायकराव यांना लंडनमध्ये १३ मार्च १९१० रोजी पकडण्यात आले. मुंबईस आणून त्यांच्यावर खटले चालविण्यात आले आणि २४ डिसेंबर १९१० व ३० जानेवारी १९११ या दोन दिवशी दोन जन्मठेपा, म्हणजे एकंदर पन्नास वर्षांची शिक्षा, फर्मावण्यात आली. ४ जुलै १९११ रोजी तेही पोर्ट ब्लेअरच्या बंदरात उतरले. एकाच तुरुंगाच्या भिंतीआड दोघे भाऊ राहू लागले, परंतु एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याचीही त्यांना मुभा नव्हती.

मागे घरात दोन जावा राहिल्या. थोरली यशोदाबाई, म्हणजे सर्वांची येसूवहिनी. धाकटी यमुनाबाई, जिला पुढे माई म्हणू लागले. दीर लहान असताना सासूसासरे गेले, आणि नवऱ्याच्या जोडीने या पोरक्या दिरांना आईची माया येसूवहिनीने दिली. तिच्या स्वतःच्या मुली तान्हेपणीच वारल्या होत्या. ही केवळ घरात बसून अश्रू ढाळणारी स्त्री नव्हती. नाशिकात तिने 'आत्मनिष्ठ युवती संघ' नावाची बायकांची संस्था चालविली आणि स्वदेशीचा प्रचार केला. यमुनाबाई ही जव्हार संस्थानच्या दरबारी असलेल्या चिपळूणकरांची मुलगी. १९०१ साली तिचा विवाह झाला आणि १९०६ च्या जूनमध्ये नवरा विलायतेस गेला. तो तिकडे असतानाच त्यांचा लहानगा मुलगा प्रभाकर हे जग सोडून गेला. पुढे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात तिला नवऱ्याची भेट मिळाली. त्या भेटीत विनायकरावांनी काटक्या जमवून घरटे बांधणाऱ्या चिमण्याकावळ्यांचा दाखला देऊन तिचे समाधान केले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या भेटीनंतर मध्ये समुद्र आला.

शिक्षेबरोबर मालमत्ताही जप्त झाली होती. धाकटे दीर नारायणराव हेही त्या धामधुमीत काही महिने तुरुंगात होते; सुटल्यावर कलकत्त्यास वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मुंबईस व्यवसाय करू लागले. सगळा भार आता त्यांच्यावर होता. अंदमानातून येणारे वार्षिक पत्र त्यांच्या नावे येई आणि सर्व घर ते वाची. सरकारकडे जावयाचे अर्ज, वकिलांचा सल्ला, विधिमंडळातील सभासदांच्या गाठीभेटी, हे सर्व तेच पाहात. अंदमानातूनही अर्ज होत होते. १९१३ साली हिंदुस्थान सरकारचे गृहमंत्री रेजिनल्ड क्रॅडॉक पोर्ट ब्लेअरला आले असता विनायकरावांनी त्यांच्यापुढे अर्ज ठेविला. त्या अर्जांतील भाषेविषयी पुढच्या काळात पुष्कळ वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. येथे तो वाद उकरण्याचे कारण नाही. मुदतीची शिक्षा झालेल्या अनेक राजबंद्यांना १९१४ साली हिंदुस्थानातील तुरुंगांत परत पाठविण्यात आले, जन्मठेपेचे मात्र तेथेच राहिले. आणि सुटका होत नसेल तर निदान भेट तरी व्हावी एवढीच घरच्यांची मागणी उरली, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयाची.

भेट ही मागणी किती लहान होती! तीत सरकारची शिक्षा एका दिवसानेही कमी होत नव्हती. परंतु ती पुरी होण्यासाठी एका मागून एक दारे उघडावी लागत. पोर्ट ब्लेअर हे कोणीही तिकीट काढून जावे असे बंदर नव्हते. वसाहतीत पाऊल ठेवावयासच सरकारची अनुमती हवी होती. मुंबईचा अर्ज वरच्या सरकारकडे जावयाचा, तेथून अंदमानच्या चीफ कमिशनरकडे, तेथून तुरुंगाकडे, आणि उत्तर त्याच वाटेने उलटे यावयाचे. मधल्या काळात, १९१४ पासून, महायुद्ध पेटले होते. घरच्यांच्या हाती वाट पाहणे एवढेच होते.

या वाट पाहण्याचा अर्थ त्या काळच्या मराठी घरात काय होता, हे आज नीट ध्यानात येणे कठीण आहे. येसूवहिनीच्या कपाळी कुंकू होते, परंतु ज्याच्या नावाने ते लावावयाचे तो माणूस कायद्याच्या लेखी मेल्यातच जमा होता. सणावारी सवाष्ण म्हणून बोलवावे, तर राजद्रोह्याच्या घरच्या बाईला बोलावल्याबद्दल पोलिसांची दृष्टी आपल्यावर पडेल ही भीती. न बोलवावे, तर अपराध तिचा नव्हे. अशा अधांतरी अवस्थेत तिने जवळजवळ दहा वर्षे काढली. शिक्षा न्यायालयाने एकाला दिली होती, परंतु ती दोघांनी भोगली. आणि त्यातला एक वाटेकरी असा होता की त्याला आपली मुदत किती, हेही कोणी सांगितले नव्हते.

हे दुःख एकट्या सावरकरांच्या घरचे नव्हते. लोकमान्यांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेस ठेवण्यात आले. ब्रह्मदेश त्या वेळी हिंदुस्थान सरकारच्याच अंमलाखाली होता, तरी पुण्याहून तो समुद्रापलीकडचाच मुलूख. लोकमान्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस त्यांना भेटावयास तेथे गेले होते. सत्यभामाबाईंची मात्र पुन्हा पतीशी गाठ पडली नाही. ७ जून १९१२ रोजी त्या पुण्यात निवर्तल्या आणि तारेने ती बातमी मंडालेच्या तुरुंगात पोचली. दोन वर्षांनी, १९१४ च्या जूनमध्ये, लोकमान्य गायकवाडवाड्यात परतले आणि त्यानंतर सारे पुणे दाराशी लोटले. घरात स्वागताला जी असावयाची ती नव्हती.

याच वर्षांत साऱ्या साम्राज्यातच विवाह आणि सरहद्द यांचा प्रश्न उभा राहिला होता. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले हिंदी लोक आपल्या बायकांना मायदेशातून बोलावीत. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला की ज्या धर्माच्या रीतीत एकाहून अधिक विवाहांस मुभा आहे, त्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही. एका मुसलमान गृहस्थाच्या पत्नीला देशात प्रवेश द्यावा की नाही, एवढाच प्रश्न कोर्टापुढे होता. परंतु निकालाने बहुतेक हिंदी स्त्रियांचे पत्नीपणच काढून घेतले. हे ऐकून त्या स्त्रिया घराबाहेर पडल्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कस्तुरबा आणि त्यांच्या सोबतिणी नाताळातून ट्रान्सवालची हद्द परवान्याशिवाय मुद्दाम ओलांडून गेल्या आणि त्यांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. त्या लढ्याला पुण्याहून गोपाळराव गोखले यांनी पैसा पुरविला. अखेर १९१४ च्या कायद्याने हिंदी रीतीने झालेला, एका पत्नीपुरता, विवाह मान्य झाला. नवऱ्याकडे जाण्याचा हक्क मिळविण्यासाठी तेथे जे सत्याग्रहाचे शस्त्र वापरले गेले, तेच सात वर्षांनी मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीसाठी हाती घेतले.

परंतु ट्रान्सवालची हद्द पायांनी ओलांडता येत होती. अंदमानचा समुद्र येसूवहिनीला तसा ओलांडता येत नव्हता. तिच्यापाशी अर्जाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात संपले. भेटीची परवानगी मिळण्याची चिन्हे दिसू लागली. त्याच सुमारास तिची प्रकृती ढासळत गेली, आणि १९१९ च्या प्रारंभी तिने देह ठेविला. परवाना हाती आला तेव्हा तो जिच्यासाठी सर्वांत आधी मागितला जात होता ती जगात नव्हती.

त्याच वर्षी, १९१९ साली, नारायणराव आणि यमुनाबाई पोर्ट ब्लेअरला पोचले. मुंबई इलाख्यातून आगगाडीने कलकत्ता आणि तेथून जहाजाने अंदमान, असा तो प्रवास. डोंगरीच्या गजांआडून पाहिलेल्या नवऱ्याला यमुनाबाईंनी आठ वर्षांनी पाहिले. तुरुंगाच्या कष्टांनी आणि आजाराने तो खंगला होता. भेट झाली ती अर्थात पहाऱ्यात. दोघे भाऊ समोर होते, धाकटा भाऊ आला होता, धाकटी सून आली होती. थोरली सून त्यांत नव्हती. विनायकरावांनी पुढे आपल्या अंदमानच्या आठवणी लिहिल्या, त्यांत या भेटीचे आणि या वियोगाचे वर्णन केले आहे. ते ज्याने त्याने मूळातूनच वाचावे. बाबारावांनी त्यानंतर पुन्हा संसार मांडला नाही.

भेटीनंतर काही महिन्यांनी, १९१९ च्या डिसेंबरात, बादशाही जाहीरनामा निघाला आणि पुष्कळ राजबंदी सुटले. बापटांबरोबर पॅरिसला जाऊन बाँबची विद्या शिकलेले बंगालचे हेमचंद्र दास आणि त्यांचे सहकारी बारींद्र घोष हेही या सुटकेनंतर घरी आले. सावरकर बंधूंना मात्र त्यातून वगळण्यात आले. २६ मे १९२० च्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी या दोन भावांच्या सुटकेची बाजू मांडणारा लेख लिहिला. त्या दोघांची मते गांधीजींच्या मतांहून किती भिन्न होती हे सर्वांस ठाऊक आहे; म्हणूनच त्या लेखाचे मोल अधिक. याच काळात राजबंदी मुक्ती मंडळाचे काम चालू होते आणि बापट सह्या गोळा करीत होते. अनेकांनी सही देण्यास नकार दिला असेल. कारण अंदमानच्या कैद्यासाठी सही करणे म्हणजे पोलिसांच्या यादीत आपले नाव आपण होऊन घालणे, हा समज त्या काळी सार्वत्रिक होता. तरीही सह्या मिळत गेल्या.

१९२१ च्या एप्रिलमध्ये मुळशीस सत्याग्रह सुरू झाला, आणि त्यानंतर सोळा दिवसांनी, २ मे रोजी, सावरकर बंधूंना अंदमानातून हलविण्यात आले. याला सुटका म्हणता येत नव्हते. समुद्रापलीकडचा तुरुंग जाऊन अलीकडचा आला. राजकीय बंद्यांच्या आणि इतर कैद्यांच्याही बाबतीत अंदमानची पद्धत चुकीची आहे असे १९१९-२० च्या तुरुंग चौकशी समितीचे मत पडले होते, आणि सरकारही तेथे कैदी पाठविणे बंद करण्याच्या विचारात होते. बाबाराव १९२२ मध्ये साबरमतीच्या तुरुंगातून प्रकृती पार खालावल्यावर सुटले. विनायकराव ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून सुटले. परंतु राजकारणात भाग घ्यावयाचा नाही आणि रत्नागिरी जिल्ह्याची हद्द सरकारच्या परवानगीशिवाय ओलांडावयाची नाही, या अटींवर. आता समुद्राच्या जागी जिल्ह्याची सीमा आली होती. मात्र या वेळी सीमेच्या आत यमुनाबाईंना जाण्यास कोणाची आडकाठी नव्हती. विवाहानंतर तेवीस वर्षांनी त्यांचा संसार रत्नागिरीत मांडला गेला. १९३७ च्या मे महिन्यात ती स्थानबद्धता उठली.

मुळशीचा लढा त्याआधीच मोडला होता. बापट एकामागून एक शिक्षा भोगीत राहिले आणि शेवटी रेल्वे अडविण्याच्या प्रकरणात सात वर्षे तुरुंगात गेले. धरण उभे राहिले, गावे पाण्याखाली गेली, आणि त्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. एक गोष्ट मात्र दोन्ही प्रकरणांत सारखी दिसते. मुळशीच्या कागदांत जमिनीची किंमत मांडलेली होती, अंदमानच्या कागदांत शिक्षेची वर्षे मांडलेली होती. परंतु कुळाचे त्या शेताशी, आणि पत्नीचे त्या कैद्याशी असलेले नाते मांडण्यासाठी दोन्हीकडे रकानाच नव्हता. बापटांनी दोन्हीकडे ज्यासाठी धडपड केली, ते हेच न मांडलेले.

तो काळ गेला. तुरुंग आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि पोर्ट ब्लेअरला विमाने जातात. त्या शहराचे नावही २०२४ साली 'श्री विजयपुरम' असे बदलले गेले. परंतु नवराबायकोच्या मध्ये परवान्याचा कागद येण्याचा प्रकार जगातून गेलेला नाही. महायुद्धाच्या काळात देशोदेशींच्या सरकारांनी तात्पुरते म्हणून आणलेले पासपोर्टाचे आणि व्हिसाचे निर्बंध युद्ध संपल्यावर तसेच राहिले. हिंदुस्थानातही १९२० साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. आज पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतून विवाह होऊन एक जण परदेशी आणि दुसरा अर्जाच्या निकालाची वाट पाहात इकडे, असे चित्र दिसते. त्यांची स्थिती येसूवहिनीच्या स्थितीशी तोलण्यासारखी नाही. त्यांच्यावर राजद्रोहाचा ठपका नाही आणि त्यांना रोज एकमेकांचा आवाज ऐकता येतो. तथापि प्रश्नाचे मूळ तेच आहे. ज्या अधिकाऱ्याच्या मेजावर अर्ज असतो, त्याच्या दृष्टीने एक आठवडा उशीर म्हणजे एक आठवडा उशीर. जो वाट पाहतो, त्याच्या आयुष्यातून तो आठवडा वजा होतो, आणि आयुष्य किती शिल्लक आहे हे कोणत्याच अर्जात लिहिता येत नाही.

अंदमानच्या राजबंद्यांची नावे सेल्युलर तुरुंगात दगडावर कोरलेली आहेत, आणि ते योग्यच झाले. त्यांच्याबरोबर ज्यांनी शिक्षा भोगली त्या स्त्रियांची नावे तेथे नाहीत. अंदमानचा इतिहास सांगताना नाशिकच्या त्या घरातील थोरल्या सुनेचे नाव त्या नावांच्या शेजारी उच्चारले गेले पाहिजे.